दुसऱ्यांदा ठेवलेला हात

३ जून

चि. चिमणीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू हट्टाने घेऊन दिलेलं कानाचं यंत्र दुकानात, घड्याळांच्या सुट्या भागांच्या खणात पडून आहे. हे तुला कळवायचं नव्हतं, पण पोटात तरी किती दिवस ठेवू? बाबा म्हणतात, ऐकू येतं, पण सगळं एकदमच येतं. पंखा, रस्ता, भिंतीवरची घड्याळं आणि गिऱ्हाईक, सगळे एकाच वेळी भांडतात म्हणे. यंत्र बसवणाऱ्या मुलीने विचारलं तेव्हा मात्र स्वारी छान, अगदी छान म्हणून मोकळी झाली!

परवा नाव चुकीचं ऐकून एकीचं घड्याळ दुसरीलाच दिलं. तेव्हापासून दुकान बंद करायचं घेऊन बसलेत, महिनाअखेरीस कुलूप लावणार आहेत. जेवायलाही आमच्या गप्पा संपल्यावर येतात. मला फार वाईट वाटतं गं. यंत्राचा विषय काढला की तुला दुखवायचं नाही म्हणतात आणि उठून जातात. तूच काहीतरी सुचव.

मायेत कमी-जास्त नको.
तुझी ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खणाचं वाचून आधी राग आला, मग हसू आलं. आपले बाबा म्हणजे भिडेचे भोपळे!

चर्चमधल्या रविवारच्या वर्गात मुलांना शुभवर्तमानातली त्या आंधळ्याची गोष्ट सांगत होते. प्रभूने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि काही दिसतंय का म्हणून विचारलं. तो म्हणाला, माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. मग प्रभूने पुन्हा हात ठेवला, तेव्हा कुठे स्वच्छ दिसलं. खरं सांगू? ही गोष्ट मी दर वर्षी घाईने उरकते. प्रभूलाही दोनदा हात ठेवावा लागला हे सांगताना उगीच ओशाळल्यासारखं व्हायचं. यंदा बाबा आठवले आणि त्या माणसाचंच कौतुक वाटलं. समोर साक्षात प्रभू उभा, तरी अजून नीट दिसत नाही म्हणाला! बाबा असते तर झकास दिसतंय, आपण त्रास घेऊ नका म्हणाले असते आणि झाडांना नमस्कार करत घरी गेले असते.

हे पत्र त्यांनाच वाचायला दे. त्यांनी यंत्राची तक्रार केली तर मला वाईट वाटणार नाही. न सांगता दुकान बंद केलं तर मात्र फार वाटेल.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझी चिमणी

२४ जून

चि. चिमणीस,
बाबांचे आशीर्वाद.

ताईने तुझं पत्र दुकानातल्या माझ्या चिमट्याखाली ठेवलं होतं. झाडांना नमस्कार वाचलं आणि खणातलं यंत्र बाहेर काढलं. मग ते बसवणाऱ्या मुलीकडे गेलो. ती मुलगी इतकं मन लावून काम करते की खरं सांगायला जीभच रेटेना. शेवटी म्हणालो, बाई, माणसं बोलतात, पण फळीवरून भांडी पडल्यासारखी. ती रागावली नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, बरं झालं बोललात, बाकीचे नुसते छान म्हणतात. मग तासभर खटपट करून यंत्र नीट लावून दिलं. अजून सगळं जमलेलं नाही, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. म्हणजे प्रभूपेक्षा हिचा एक हात जास्तच!

दुकान बंद करत नाही. काल सगळ्यांबरोबर जेवलो. ताई किती बोलते गं!

आता खरं बोललोच आहे तर तुलाही सांगतो. गेली दोन वर्षं फोनवर मी हो हो, बरं बरं म्हणत आलो, त्यातलं मला फारसं कळत नव्हतं. मागे एकदा तू रडत होतीस, एवढं कळलं. का, ते कळलं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. तेव्हाही मी बरं बरं म्हणालो असेन. पोरी, माफ कर. रविवारी फोन कर आणि ते मला पहिल्यापासून सांग.

वाट बघतोय.
तुझे बाबा