एक कापड कमी होतं

ती. आईला, दुरूनच पायांवर डोकं.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. सध्या ऑपरेशनला उभी राहत नाही, हत्यारं धुण्याच्या खोलीत आहे. काळजी करू नकोस, इथे बसायला स्टूल तरी मिळतं.

झालं असं. पोट शिवण्याआधी आम्ही दोघी सिस्टर रक्त टिपायची कापडं मोठ्याने मोजतो. आकडा जुळल्याशिवाय टाका घालू द्यायचा नाही, हे शिकवणाऱ्या बाईंनी वर्षभर घोकून घेतलं होतं. त्या दिवशी एक कमी भरलं. मी तसं सांगितलं.

"मोजता येत नाही का? परत मोज," सर्जन खेकसले.

परत एक कमीच. त्यांनी डोळे वटारले आणि माझी पाचावर धारण बसली. "बरोबर आहे," म्हणाले मी. दुसरी सिस्टर खाली बघत राहिली.

सहाव्या दिवशी पोट पुन्हा उघडलं, तेव्हा कापड सापडलं. त्या पेशंट बाई वाचल्या नाहीत.

चौकशीत सर्जन म्हणाले, "हिनेच बरोबर आहे म्हणून सांगितलं." खोटं थोडंच आहे ते?

शिवण आवरताना एक सुई कमी भरली, तर तू आजीच्या ओरडण्यालाही जुमानायची नाहीस. सापडेपर्यंत कुणाला खाली पाय ठेवू द्यायची नाहीस. मी तुझीच ना गं?

बाबांच्या ऑपरेशनची तारीख ठरली का? त्यांना आत नेतील तेव्हा तिथल्या सिस्टरचा हात धरून सांग, आकडा जुळला नाही तर कोणी कितीही ओरडू दे, हो म्हणू नकोस.

तुझी मुलगीही सिस्टर आहे, हे मात्र तिला सांगू नकोस.

तुझी,
धाकटी