बाबांचा फोल्डर

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय ताई,

मी बरा आहे. जेवतो वेळेवर, म्हणजे भूक लागली की. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. मेल चार वेळा लिहिला आणि चारही वेळा पुसून टाकला.

माझी फुकटची उठाठेव (शब्द तुझाच) चालू आहे. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही आठ-दहा जण सांभाळतो. आतल्या आणि बाहेरच्या कॉम्प्युटरला नेटवर्कवरून एक फोल्डर सामाईक देता येतो, तो भाग माझा. बाकीच्यांना मी कधी पाहिलेलं नाही. परवा दुकानदाराने "पिशवी देऊ का?" विचारलं, तर माझा आवाजच फुटेना. आठवडाभर कुणाशी बोललोच नव्हतो.

मराठी नावांच्या फायली आतून दिसत नसत. तो दोष सोमवारी सुटला. एका बाईंनी आभार मानले आणि विचारलं, एवढ्याशा कामाला दोन वर्षं का लागली? त्यांना उत्तर दिलं नाही. तुला देतो.

दोन वर्षांपूर्वी मी घाईघाईत दुरुस्ती केली होती. चाचणीसाठी मराठी नावांच्या फायली हव्या होत्या आणि माझ्याकडे तसा एकच फोल्डर होता. आपल्या दोघांचा, बाबांच्या मागे उरलेल्या त्यांच्या आवाजाचा. 'बाबा दूधवाल्याशी भांडतात.' 'बाबा गाणं विसरतात.' सगळी नावं तूच दिलेली. आधी प्रत काढा, असं मी जगाला बजावतो. त्या दिवशी म्हटलं, दहा मिनिटांचं तर काम. एकेचाळीस फायली, ताई. नावं जागच्या जागी आणि आत काही नाही. फोल्डर इंटरनेटवरून दोघांच्या कॉम्प्युटरला जोडलेला, एकीकडे बदललं की दुसरीकडेही बदलणारा, म्हणून तुझ्याकडेही तेच झालं. ती दुरुस्ती मी लगेच काढून टाकली आणि या सोमवारपर्यंत पुन्हा त्या दोषाला हात लावायची हिंमत झाली नाही.

तुला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तुझाच फोन आला. "अरे, कॉम्प्युटरवर चहा सांडला रे माझ्या हातून! बाबांच्या फायली उघडतच नाहीत. मीच घालवला त्यांचा आवाज."

आणि मी म्हणालो, "असू दे, ताई."

केवढा मोठ्या मनाचा भाऊ! तू भाऊजींनाही कौतुकाने सांगितलंस. पुढे दर फोनवर तू माफी मागायला लागलीस, म्हणून मी फोन उचलणं सोडलं. तुला वाटलं, मी रागावलोय. बाबांचा आवाज गेला, आणि तुझा मी स्वतःच बंद केला. फार एकटं वाटतं ग.

चहाचा काही संबंध नव्हता. तू काहीही घालवलेलं नाहीस.

माझ्यावर रागाव, वर्षभर बोलू नकोस, चालेल. फक्त 'असू दे' म्हणू नकोस. मी तुला म्हणालो, तेव्हा तुझं चुकलंच नव्हतं.

बाबांचा आवाज घालवणारा,
तुझा धाकटा