स्पेनला गेलो, आखाड्यावर पोचलो

मोसंबीची बाग, कुंभार पिंपळगाव शिवार
शुक्रवार, दुपार

ती. सौ. उषाक्कास,

धाकट्या वसंताचा पाया पडून नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींची साखर, दोन्ही देवाच्या दयेनं आवाक्यात असतील असं धरून चालतो. तुझ्या सुमितच्या लग्नापासून तू आमचा फोन उचलत नाहीस. (दोष देत नाही. पत्रिकेत मायचं नाव छापायचं राहिलं, माय मांडवातून न जेवता उठली, आणि तेव्हापासून दोन वर्षं तुम्ही मायलेकी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. यात माझा गुन्हा एवढाच, की मी जेवलो.) म्हणून हा कागद.

वसंता स्पेनला गेला, असं तुझ्या कानावर आलं असेल. ते खरं आहे. निदान आपल्या घरात तसं मानलं जातं. प्रत्यक्षात मी घरापासून दीड किलोमीटरवर, बागेतल्या आखाड्यावर, राखणीच्या खोपीत, चार दिवसांपासून बसून आहे. सोबत दोन पासपोर्ट, पाच सुपाऱ्या, एक हळकुंड आणि मूठभर तांदूळ.

आकांक्षाला नोकरीला बार्सिलोनाला जाऊन सव्वादोन वर्षं झाली. पोरगी फोनवर हसते, पण हसून झाल्यावर थोडी गप्प होते, आणि ते गप्प होणं मला बराबर वाटत नाही. तिनंच मला आणि तुझ्या भावजयीला बोलावलं. विमानाचं केलं, व्हिसाचं केलं, आणि वर एक आठवड्याची रेल्वेची सहल आखली. बार्सिलोना, माद्रिद, कोर्दोबा, सेविया. सहल एकदम निवांत आहे म्हणाली. धावपळ नाही, सकाळी उशिरा उठायचं, चौकात बसायचं, माणसं बघायची, रात्री दहाला जेवायचं. (अक्का, मी साताला जेवून आठाला हरिपाठ म्हणणारा माणूस. दहाला जेवायचं म्हणजे मला मधे एकदा झोपून उठावं लागेल.) दुपारी तिथली बरीच दुकानं बंद होतात आणि लोक घरी जाऊन झोपतात, एवढं एक ऐकून धीर आला. मायनं मात्र विचारलं, तिथं तुला काम काय? म्हटलं, काम नाही, बसायचं. ती म्हणाली, बसायला इतक्या लांब जातेत व्हय?

इथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण मी कौतुकानं आकांक्षाची यादी मायला वाचून दाखवली. मायला अक्षर येत नाही, पण दिशाशूल तोंडपाठ आहे. सोम-शनि पूर्वेला जायचं नाही, मंगळ-बुध उत्तरेला नाही, गुरुवारी दक्षिणेला नाही, रवि-शुक्र पश्चिमेला नाही. तिनं विचारलं, हे बारसं का काय, तिथून दुसरं गाव कोणीकडं? मी मोबाईलवर नकाशा काढून पाहिला. रविवारी माद्रिद, पश्चिमेला. गुरुवारी कोर्दोबा, दक्षिणेला. शुक्रवारी सेविया, पुन्हा पश्चिमेला. शनिवारी परत बार्सिलोना, पूर्वेला. चार प्रवास, चारही शूलावर. ठरवून करायचं म्हटलं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. मी स्वतः या गोष्टी फार मानतो असं नाही. दिशा देवानं केल्या, वार माणसानं केले, तेव्हा भांडण झालं तर देव दिशेच्या बाजूनं उभा राहील असं मला वाटतं. पण ऐंशीच्या माणसाला हे समजावणारा मी कोण? आकांक्षाला फोन केला. तिनं बिचारीनं सगळी यादी पुन्हा काढली. मग म्हणाली, बाबा, वार बदलते, पण तिकिटं नव्यानं काढायची तर दोघांचे पासपोर्ट नंबर परत पाठवा.

आता पासपोर्ट कुठं होते ते ऐक. आमचं निघणं येत्या गुरुवारी. मुहूर्त मात्र त्याच्या दहा दिवस आधीचा निघाला, म्हणून मायनं प्रस्थान ठेवायला लावलं. तुला माहीत आहे, मुहूर्तावर सुपारी-तांदळाची पुरचुंडी जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची आणि निघताना तिथून उचलायची. पश्चिमेला घर तातेरावचं. (त्यांच्याकडे असलं काही मानत नाहीत, पण शेजारधर्म मानतात. त्यानं पुरचुंडी टीव्हीच्या वर ठेवली आणि त्या दिवशी टीव्हीसुद्धा हळू लावला.) तुझ्या भावजयीला वाटलं, नुसत्या सुपारीला स्पेनचा रस्ता कसा कळणार? तिनं दोन्ही पासपोर्ट पुरचुंडीत बांधले. मला सांगितलं ते आकांक्षाच्या फोननंतर, घरभर शोधाशोध झाल्यावर. आणि नंबराचा फोटो काढून ठेवावा हे आमच्या दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही.

मी दुसऱ्याच दिवशी तातेरावकडे गेलो, पुरचुंडी उचलली, तिथं उजेड कमी म्हणून ओसरीवर आलो, चष्म्याविना जमेना म्हणून रस्ता ओलांडून आपल्या दारापर्यंत आलो. माय उंबऱ्यावर बसलेली. तिनं माझ्या हातातली पुरचुंडी पाहिली आणि काठी आडवी धरली. उचललेलं प्रस्थान घरात येत नाही, आणि उचलणारा माणूसही काम फत्ते केल्याबिगर येत नाही. मी म्हटलं, माय, मला फक्त चष्मा पाहिजे. तिनं चष्मा आतून मागवून बाहेर दिला, तोंड पूर्वेला फिरवलं आणि म्हणाली, नीट जा.

तेव्हापासून मी स्पेनला आहे. डबा दोन्ही वेळा येतो. सकाळी विहिरीवर आंघोळ, म्हसोबाला दिवा, मग दिवसभर झाडाखाली बसायचं आणि येणारी-जाणारी माणसं बघायची. ती माणसंही मला बघायला थांबतात. तातेराव काल मुद्दाम येऊन विचारून गेला, "काय भाऊ, तिथं पाऊसपाणी कसं हाय?" नंबर पाठवल्यावर आकांक्षानं तिकिटं बदलली. सोमवार, मंगळवार, बुधवार आणि परतीचा रविवार. एकही शूल नाही. निवांतपणा म्हणतात तो असाच असेल, तर अक्का, माझा सहलीआधीच पुरता झाला आहे आणि मला तो मानवत नाही. कधी वाटतं, तिकिटं रद्द करावीत, पोरीला खोटंच काही सांगावं. मग तिचं ते गप्प होणं आठवतं. मला माद्रिद बघायचं नाही. मला ती काय खाते, कुठं झोपते, एवढं डोळ्यांनी बघायचं आहे.

दाजींना नमस्कार, सुमितला आणि सूनबाईला आशीर्वाद. चुकलंमाकलं पोटात घाल.

तुझा,
वसंता

ता. क. – अंबडच्या एसटीतल्या ओळखीच्या कंडक्टरजवळ पत्र देतो आहे, आज हाती पडेल. आम्ही गुरुवारी गेलो की बारा-तेरा दिवस माय घरी एकटी. शेजारी बघतील, पण शेजारी ते शेजारी. तू बुधवारी येऊन राहशील का? मानापमानाचं काय ते मी आल्यावर दोघींच्या मधे बसून ऐकून घेईन. तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही, हेही खरं.

दुसरा ता. क. – वरचं स्पेनचं सगळं राहू दे, हे मात्र वाच. आत्ता डब्यासोबत तुझी भावजय स्वतः आली होती. मी गेल्याच्या दिवसापासून माय नीट जेवत नाही म्हणते. उंबऱ्यावरून हलत नाही. शूल, मुहूर्त सगळं काढून झालं, आता काढायला काही उरलं नाही. आज सकाळी तिनं तुझ्या भावजयीला दोनदा विचारलं, उषीला कळवलं का? ती न्हाई म्हणाली, तर माय बराच वेळ पदराचा काठ चाचपत बसली, आणि मग म्हणाली, "मी सांगितलं म्हणून लिहू नका. पण ती आली तर मी आधी बोलन."