जास्तीची गोळी

इंझोरी,
८ जून २०२५

ती. गंगूताईंना रत्नमालाचा सप्रेम जयभीम.

तुमचं, दाजींचं सगळं क्षेम असेल. साक्षी आणि जावई फिरून आले का? आम्ही इकडे बरे आहोत. वखरणी झाली, सोयाबीनचं बियाणं घरात येऊन पडलंय, आता आभाळाकडे बघत बसायचं. विहाराला यंदा रंग दिला. निळा जरा जास्तच गडद झाला असं सगळ्या बायांचं म्हणणं, पण बायांना विचारतो कोण! शेजारच्या मनकर्णाबाईंची म्हैस व्याली. खरवस झाला तेव्हा तुमची आठवण निघाली.

फोन असताना ही कागद काय खरडत बसली, असं म्हणाल. आमच्या फोनचा आवाज बारीक होत नाही, ताई. बाजूचं बटण दबून गेलंय. पलीकडचं माणूस हळू बोललं तरी अंगणात ऐकू येतं. म्हणून पत्र लिहिते आहे.

लग्नाचे फोटो धम्मरत्ननं पाठवले. पांढऱ्या साडीत साक्षी अगदी तुमच्यासारखी दिसते. मामाच्या जागी धम्मरत्न उभा होता, तेही पाहिलं. चुलत का होईना, घरचाच आहे. तुमच्या भावानं एकेक फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "साक्षी साजरी दिसते. लाइटिंगबी साजरी हाय. अर्थिंग केलं असन का त्याईनं?" मी म्हटलं, केलं असेल. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसले.

लग्नाच्या सकाळी मी तुम्हाला मेसेज टाकला होता, ‘यांची तब्येत बरी नाही, येत नाही.’ त्यावर तुमचा अंगठा आला. लग्नघरात बोलायला फुरसत कुठली, हे मला समजतं. पण तो अंगठा मी रोज एकदा उघडून बघते, असं का करते कोण जाणे.

आपण दोघी हे कधी सरळ बोललो नाही, म्हणून आज पहिल्यापासून लिहिते. दौलतसिंग खांबावर होते आणि हे खाली शिडी धरून. वीस वर्षं दोघांनी जोडीनं वायरमनकी केली. बंद केलेली लाइन मधेच चालू झाली आणि दौलतसिंग खांबावरच गेले. चूक कोणाची ते आजवर ठरलं नाही, पण यांच्या डोक्यात ते त्याच दिवशी ठरून गेलं. त्यानंतर झोप गेली. घरातला फ्यूज काढून खिशात घेऊन फिरायचे, मला दिवा लावू द्यायचे नाहीत. गाव म्हणालं, बाहेरचं लागलं, दोरा बांधा. तेव्हा तुम्ही वाशीमहून आल्या आणि अंगणात उभं राहून सगळ्यांना सुनावलं, "भूत नाई अन् बाधा नाई. पोट आजारी पडते तसं मन आजारी पडते. डॉक्टरले दाखवा लागते." शाळेत शिकवणारी नणंद मला त्या दिवशी फार मोठी वाटली. तुम्ही त्यांचा हात धरून एसटीत बसवलं आणि मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ताई, तो दिवस मी विसरलेली नाही. विसरले असते तर हे पत्र एका बैठकीत लिहून झालं असतं.

गोळ्यांनी लगेच काही झालं नाही. पहिल्या गोळ्यांनी नुसती गुंगी यायची, मग बाईंनी त्या बदलल्या. वजन वाढलं, हात थरथरायला लागला, चहा बशीत सांडतो. पण माणूस झोपायला लागला, जेवायला लागला, माझ्या भाजीला नावं ठेवायला लागला. नावं ठेवली त्या दिवशी मी चुलीमागे जाऊन रडले, इतका आनंद झाला. बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की जखम भरत आली तरी त्या जागी बोट लागलं की कळ येणारच.

साक्षीच्या साखरपुड्यात ते बोट लागलं. जनरेटर खोकला, माळा लुकलुकल्या आणि यांनी धावत जाऊन मेन खाली ओढला. "दौलत, खाली उतर!" असं ओरडत होते. सगळा मंडप अंधारात. पंगतीतल्या बायका किंचाळल्या, कोणाच्या अंगावर वरण सांडलं. मला सापडले तेव्हा बोर्डाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते. कोणी बटण चालू करू नये म्हणून. घामानं सदरा चिंब.

नवरदेवाकडच्यांनी विचारलं, मामाला काय झालं? आणि तुम्ही म्हणाल्या, "काई नाई, थोडा पिलेला हाय."

ज्या माणसानं जन्मात थेंब तोंडाला लावला नाही, त्याला तुम्ही दारुड्या केलं. मला खूप राग आला होता, अजून आहे. बाहेरच्यांना दारुडा चालतो, गोळ्या खाणारा चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. पण पोटासारखंच मन आजारी पडतं, हे त्या दिवशी तुमच्या तोंडून निघालं असतं तर?

यांनी मात्र राग धरला नाही. मला म्हणाले, "ताईचंबी बरोबर हाय. पोरीचं जमलेलं मोडलं असतं त?" आणि लग्नाच्या तयारीला लागले. स्वतः डॉक्टरीणबाईंना विचारून आले की वरातीचा आवाज सुरू झाला तर काय करायचं. बाईंनी सांगितलं, लांब श्वास घ्या, पाय जमिनीला टेकवून ठेवा, रत्नमालाबाईंचा हात धरा, फारच झालं तर बाहेर जाऊन बसा. रोज संध्याकाळी आमची तालीम. मामा नवरीला धरून स्टेजपर्यंत नेणार, हात थरथरून चालणार नाही. मग मला नवरी करायचे आणि मोरीपासून तुळईच्या खांबापर्यंत चालवत न्यायचे. एवढी जून नवरी! मनकर्णाबाई कुंपणावरून म्हणायच्या, "रत्नमाला, लाजत चाल वं जराशी!" आम्ही तिघं इतकं हसायचो. हात थरथरायचा, पण माझं मनगट त्यांनी एकदाही सोडलं नाही.

आणि मग तुमचा फोन आला.

तुम्ही काय बोललात ते तुम्हाला आठवत असेल. तरी लिहिते, कारण मला ते शब्द एकटीला सांभाळवत नाहीत. "रत्नमाला, त्या दिवशी त्याले रातची गोळी सकाळीच देजो, जास्तीची. झोपून राह्यला म्हंजे त्यालेबी तरास नाई अन् आपल्यालेबी घोर नाई. तू येजो." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हे ओट्यावर बसून लग्नात घालायच्या चपलेला पॉलिश करत होते. फोन ठेवून मी बाहेर आले तर हातातला ब्रश तसाच चालू होता. मला वाटलं, ऐकलं नसेल. असं वाटून घेणं सोपं होतं.

लग्नाच्या दिवशी मी पहाटे उठून पाणी तापवायला गेले. यांना उठवायला आले तर उठेनात. नवा सदरा उशाशी घडी घातलेला, त्यावर पॉलिश केलेल्या चपला, आणि गोळ्यांचं पाकीट रिकामं. मी किती हाका मारल्या! मनकर्णाबाईंनी गुलाबसिंगचा ऑटो आणला. तब्येत बरी नाही हा मेसेज मी त्या ऑटोतून टाकला, ताई. यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

आम्ही वाशीमातच होतो. तुमचा मंडप जिथे होता तिथून लांब नाही, त्या दवाखान्यात. सलाइन लावलं, नळी घातली. दुपारी बाहेरून वरात गेली, कोणाची कोण जाणे. बँडचा आवाज आला आणि मी यांच्या कानांवर हात ठेवले. शुद्ध नसलेल्या माणसाच्या कानांवर.

डॉक्टरांनी मला परत परत विचारलं, जिवाचं काही करून घ्यायचं होतं का? संध्याकाळी डोळे उघडले तेव्हा उत्तर यांनीच दिलं. म्हणाले, "लागलं का लगन? लाइट नाई गेली ना?"

मी म्हटलं, नाही गेली. म्हणाले, "मंग झालं. ताईनं सांगतलं होतं झोपून राय म्हणून." आणि माझ्याकडे बघून हसले, शाळेतलं पोर गृहपाठ पुरा करून हसतं तसं. ताई, मरायचं होतं असं त्यांनी सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ते हसू मी कुठे ठेवू?

हे तुम्हाला कळू द्यायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय. ते मी आज मोडते आहे, कारण गोष्ट तिथे संपली नाही. आता दारात कोणीही आलं, विहाराची वर्गणी मागायला आलं तरी, हे उठून आत येतात आणि हळूच हात पुढे करतात. "दे वं एक. पाहुणा जाईलोक झोपतो." गोळ्या आता पेटीत असतात, किल्ली माझ्या कमरेला. मी देत नाही, तर भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून पडतात. झोप नसते, नुसते डोळे मिटलेले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की गोळ्या माणसांत बसता यावं म्हणून आहेत, माणसांनी तुम्हाला लपवावं म्हणून नाहीत. बाईंपुढे मान हलवतात. पण बाई परक्या आणि तुम्ही सख्ख्या. तुमचंच बोलणं खरं धरून बसलेत.

यांचं नाव उकंडा का पडलं ते सासूबाईंनी मला सांगितलं होतं. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून धम्म घेतलेल्या घरात, यांच्या आजोबांची नजर चुकवून, त्यांनी हे लेकरू उकिरड्यावर नेऊन ठेवलं. टाकलेल्या लेकराला मरण विचारत नाही म्हणे. आणि ते उचलून आणायला आठ वर्षांच्या तुम्हाला सूप देऊन पाठवलं. तुम्ही सूप छातीशी धरून रडत घरी आल्या आणि दिवसभर कोणाच्या हाती लेकरू दिलं नाही. "माहा हाय, म्याच आणला," म्हणत होत्या.

आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू होतो. त्या दिवशी या. साक्षीला आणा, जावयांनाही आणा. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, फक्त दारू म्हणू नका. हे तुम्हाला बघून आत येतील, माझ्याकडे हात पसरतील आणि मी देणार नाही. मग भिंतीकडे तोंड करून पडतील. तुम्ही तिथे जाऊन बसा आणि म्हणा, "उकंडा, जागा राय. म्या आली." दुसरं काही बोलू नका, माफीबिफी तर मुळीच नको, ते घाबरून जातील.

आणि यायचं नसेल तर तसं फोनवर सांगू नका, ताई. आमच्याकडे सगळं ऐकू येतं.

तुम्ही उचलून आणलेल्या उकंडाची,
रत्नमाला