गुलाबी ठिपका

प्रिय वल्लरी,

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोन मी उचलला की तू ‘आईला दे’ म्हणतेस आणि मी देतो.

महिनाभर फियाट सुरू केली की पुढून खडखड यायची. इंजिनातली टायमिंगची साखळी सैल झाली होती. नवी साखळी आणि तिची दोन्ही दातेरी चाकं आणली आणि सोमवारी खाली पार्किंगमध्ये काम काढलं. आई गॅलरीतून म्हणाली, “अकरा वर्षांनी पुन्हा तिचं पोट फाडलंत. जेवायला हाका मारणार नाही.” मारल्या, तीनदा. रेडिएटर काढायला पूर्वी तास लागायचा, या वेळी अख्खी सकाळ गेली.

तुला ती दसऱ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ आठवत असेल. तू बारावीत होतीस. तेव्हाही साखळीच बदलत होतो; लहान चाकाच्या खुणेसमोर मोठ्याची खूण आणायची होती, पण मोठ्या चाकावर दोन खुणा होत्या, एक बारीक ठिपका आणि एक रेघ. तू ठिपक्याला तुझं गुलाबी नेलपॉलिश लावलंस आणि म्हणालीस, “बाबा, खूण ही आहे. ती रेघ पाना घसरून पडलीय.” शेजारचे सहदेव उभे होते. मी म्हणालो, “गाडी तुझ्याहून वयानं मोठी आहे. नेलपॉलिश नखांना लाव.” सहदेव हसले. तू हात पुसलेस आणि वर गेलीस. गाडीचं पुस्तक घरातच होतं, एक जिना चढून बघायचं. पण सकाळी पूजा होती, गाडी उभी करायची होती. मी रेघेवर साखळी बसवली. दुसऱ्या दिवशी आईनं बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला.

त्यानंतर मुंब्र्याच्या चढावर गाडी धापा टाकायची. मी सगळ्यांना सांगायचो, वय झालं तिचं. कार्ब्युरेटर दोनदा बदलला. साखळीवरचं पुढचं कव्हर मात्र कोणाला उघडू दिलं नाही. तू पुन्हा पाना हातात घेतला नाहीस. पुढच्या जूनमध्ये मेकॅनिकलला नंबर लागत असताना बी.कॉम.ला गेलीस. मी कारण विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं.

मंगळवारी जुनं चाक काढून रॉकेलनं धुतलं. ठिपक्याच्या खाचेत गुलाबी रंग अजून होता. या वेळी जिना चढलो, पुस्तक उघडलं. ठिपकाच खरा. मी एक दात चुकलो होतो.

संध्याकाळी वर्तकनगर नाक्यावरच्या दुकानातून नेलपॉलिश आणलं. बाईंनी शेड विचारली, मी पिशवीतून चाक काढून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि बाटली दिली. आईला अजून हसू आवरत नाही.

आता नव्या चाकावर ठिपका लावला आहे, साखळी चढवली आहे. दोन्ही चाकांच्या खुणा समोरासमोर आहेत असं मला दिसतं. तेव्हाही मला तसंच दिसलं होतं. म्हणून कव्हर लावलेलं नाही. रविवारी ठाकुर्लीहून ये, केदारलाही आण, जावईही बघू देत. तू बघून ‘बरोबर’ म्हणालीस तर बोल्ट आवळू, तूच आवळ. पुढच्या आठवड्यात दसरा आहे. तुला यावंसं वाटलं नाही, तर आईला सांगितलं आहे, यंदा गाडीची पूजा कव्हर न लावता, उघडीच करायची.

तुझाच,
बाबा