लिनला लूमचा आवाज कशाला हवा?

गुरुवार, मगरिबच्या नमाजनंतर

आज पुन्हा तेच. लिन म्हणाली, "खिडकी उघड ना, लूमचा आवाज ऐकू दे."

कॉलेजने आमची जोडी लावली तेव्हा वाटलं, व्हिएतनामची मुलगी आहे, दर गुरुवारी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावून इंग्रजीत गप्पा मारू, तिचं इंग्रजी सुधारेल, माझंही. पण हिला सिनेमा नको, जेवणखाण नको. फक्त खिडकी. आणि शिकतेय काय, तर टेक्स्टाइल. अब्बा म्हणालेच होते, "तिला काय करायचंय आपल्या लूमशी? किती चालू, किती बंद, काय सांगू नको."

त्यात खिडकीखालचा आमचा यंत्रमागाचा कारखाना सोमवारपासून बंद. मालाला उठावच नाही. हे परक्या पोरीला का कळावं? मी खिडकी उघडली आणि मोबाइलवरचं जुनं रेकॉर्डिंग तिथे लावून ठेवलं. खटखट, खटखट.

लिन डोळे मिटून ऐकत होती. ऐकतेय की लूम मोजतेय, कोण जाणे.

मग तिने विचारलं, "तुझे अब्बा दर वेळी खिडकीखाली खोकतात. आज खोकले नाहीत. बरे आहेत ना?"

मी 'हो' म्हटलं आणि नेट जातंय सांगून कॉल कापला.

अजून काय काय ऐकलंय हिने? मुळात ऐकायचंच कशाला?

आत्ता अम्मीला अब्बांच्या खोकल्याचं विचारलं. खरंच, कारखान्यात कापूस उडायचा थांबला तेव्हापासून अब्बा खोकलेलेच नाहीत. चार दिवस झाले. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही.

माझ्याही नाही.