राजगीतात बुडालेलं नाव

मंगळवार, ९ ऑगस्ट १७९६, सकाळी सव्वासात. वेमथचा समुद्रकिनारा. माझ्यावर अन्याय झाला तो तेव्हा आणि तिथे.

महामान्य राजकन्या अमाबेल यांना, त्यांना अक्षरओळख करून देणाऱ्या (आता निवृत्त, पण अजून जिवंत) उर्सुला पेनफोल्डचा गुडघे वाकवून नमस्कार. गुडघे आज नीट वाकत नाहीत. कारण खाली येईल. आपला खोकला कसा आहे? इतकं हसल्यावर वाढला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

रविवारी आपण लग्नासाठी जहाजानं जर्मनीला निघणार. सोबत इथली एकच बाई न्यायची परवानगी आहे. ती मी की आपली दरबारी सखी लेडी हॉर्टेन्शिया, हे समुद्रस्नानाच्या वेळी सांगेन, असं आपणच म्हणाला होतात. घोड्यानं आपली न्हाणगाडी, ती चाकांवरची लाकडी खोली, कमरेइतक्या पाण्यात नेऊन उभी केली, तिथवर सगळं ठीक होतं. (ब्रुझच्या मठातल्या शाळेत आम्ही अंघोळसुद्धा पायघोळ झगा घालून करत असू, त्यामुळे कपड्यांसकट पाण्यात जाणं मला नवं नव्हतं. पण मी जाणार नव्हतेच. मी अंग पुसायचं कापड धरणार होते.) वाऱ्यानं माझी टोपी उडाली, तेव्हा आपण स्वतःची निळ्या फितीची टोपी माझ्या डोक्यावर चढवलीत. ‘घाल गं, कान गारठतील. नाही म्हणालीस तर ढकलून देईन!’ साठीच्या बाईशी ही काय बोलायची रीत? मी शिकवलेली तर नव्हे. मग आपण एकदम गंभीर झालात. ‘उर्सुला, माझ्याबरोबर कोण येणार ते ठरलंय.’

राजघराण्यातलं माणूस असं काही सांगू लागलं, की पाठ न दाखवता तीन पावलं मागं सरायचं आणि वाकायचं. जन्मभराची सवय. न्हाणगाडीत मागं दोनच पावलं असतात.

खाली पाण्यात मिसेस गटरिज उभीच होती. बायकांना बुचकळून काढणं हाच तिचा धंदा, आणि दंड एखाद्या खलाशासारखे. तिनं माझा चेहरा पाहिलाच नाही, टोपी पाहिली. राजघराण्याला तीन बुचकळ्या, हा इथला शिरस्ता. मी ओरडायला तोंड उघडलं, की ‘झालंच हं, राणी, एकच!’ म्हणून पुन्हा खाली. त्यात शेजारच्या गाडीत वाजंत्री बसवलेले. शाही डोकं पाण्याबाहेर दिसलं की राजगीत सुरू करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पहिल्यांदा सुरू झालं, दुसऱ्यांदा अडखळलं, तिसऱ्यांदा मात्र ढोलासकट दणाणलं. किनाऱ्यावर नगराध्यक्षांपासून कोळंबीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या टोप्या खाली. राजगीत चालू असताना हलायचं नाही, हे मीच आपल्याला शिकवलंय. म्हणून कानात शेवाळ घेऊन मी ताठ उभी राहिले, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत. आणि वर दारात आपण पोट धरून हसत, ओरडून काहीतरी सांगत होतात. ते नावच असणार! तोंड उघडतंय, मिटतंय, आणि मला ऐकू येतेय ती तुतारी. मग मला घोंगडीत गुंडाळून घरी धाडलं, आणि आपण न्याहारीला गेलात ते लेडी हॉर्टेन्शियाकडे!

तरी ते नाव शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी, सहीनिशी कळावं. तोंडी निरोप चालणार नाही. माझ्या कानात अजून पाणी आहे.

आपली (अजून ओली)
उर्सुला पेनफोल्ड

ता. क. लेडी हॉर्टेन्शियाला बागेतल्या तळ्यावरच्या होडीतही मळमळतं. मी काही सुचवत नाही.

आणखी ता. क. माझी पेटी बांधून तयार आहे. लोकरीचे मोजे तुझ्या मापाचेही घेतलेत. जर्मनीत थंडी फार.

आणखी एक. उद्या सकाळी परत जायचं का गं न्हायला? तिसऱ्या बुचकळीला मी हसत होते, असं मिसेस गटरिज सांगत फिरतेय. बाई खोटारडी आहे, पण हात चांगला आहे तिचा.

शेवटचं. टोपी परत मिळणार नाही. रविवारी धक्क्यावर मी तीच घालून उभी असेन. नाव दुसऱ्या कुणाचं असेल, तर सगळ्यांदेखत पुढे ये आणि स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावरून काढून घे. बघूच, धजतेस का.